दूध डेअरीच्या पोथीतलं बारावं प्रकरण

माझ्या आयुष्यातली बहुतेक भांडणं एका आडव्या रेघेवरून झाली. शेताच्या बांधाची रेघ नव्हे. ती भांडणं आमच्या बेलापुरात रीतसर होतात आणि त्यात निदान जमीन तरी मिळते. माझी रेघ दोन शब्दांच्या मधे येणारी, तांदळाच्या दाण्याएवढी. व्याकरणाच्या पुस्तकात तिला संयोगचिन्ह म्हणतात, छापखान्यात डॅश म्हणतात, आणि आमच्या घरात 'ह्यांचं ते' म्हणतात.

श्रीरामपूरच्या एका छापखान्यात मी सव्वीस वर्षं मुद्रितं तपासली. लग्नपत्रिका, दशक्रियेची निमंत्रणं, पतसंस्थांचे अहवाल. एकदा एका वरबापाशी मी 'सहकुटुंब-सहपरिवार' यातल्या रेघेवरून तासभर वाद घातला. मी जिंकलो. त्याने पत्रिका कोपरगावात छापून घेतली. पुढे लोक मोबाईलवरच लग्नाला बोलवायला लागले, छापखान्याच्या मालकाने यंत्रं भंगारात घातली, आणि मी घरी बसून औषधाच्या बाटल्यांवरचं मराठी दुरुस्त करू लागलो. बायको म्हणाली, "बाहेर काहीतरी काम बघा, नाहीतर मी तरी बाहेर काम बघते."

काम मिळालं ते नगरमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. कंपनी म्हणजे फरसाणाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली शेव तळली जायची आणि वर गावोगावच्या दूध डेअऱ्यांसाठी प्रोग्रॅम तयार व्हायचा; दोन्हीचा वास एकच. मालक तिशीतला. तो मला काका म्हणायचा आणि मी त्याला सर, म्हणजे दोघांचाही मान राहायचा. डेअरीत सकाळ-संध्याकाळ येणारं दूध, कोणाचं किती लिटर, कोणाचं फॅट किती, हे वहीत न लिहिता संगणकात भरायचं, असा तो प्रोग्रॅम होता. तो कसा वापरायचा हे सांगणारी मराठी पुस्तिका मी नीट करायची होती.

पहिल्याच पानावर मला 'लॉगइन', 'लॉग-इन', 'लॉग इन' आणि 'लॉगीन' असे चार भाऊ शेजारी शेजारी नांदताना दिसले. खाली 'दुध संकलन', त्याच्याखाली 'दूध-संकलन'. दुर्मीळ रोगाचा पेशंट दारात आल्यावर डॉक्टरला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. मी बाह्या सरसावल्या. तीन आठवड्यांनी मालकापुढे कागदांचा गठ्ठा ठेवला.

"काका, झाली पुस्तिका?"

"हे शैलीपत्र आहे. कुठला शब्द कसा लिहायचा, रेघ कुठे द्यायची, कुठे नाही, याचे नियम."

त्याने पानं चाळली. "एक्केचाळीस पानं?"

"परिशिष्ट धरून."

"काका, पुस्तिकाच बत्तीस पानांची आहे."

"म्हणून तर. जागा कमी, चूक लगेच डोळ्यात येते."

तो भला माणूस होता. त्याने फक्त खिडकी उघडली.

त्याच सुमारास जिल्ह्याचं नाव बदललं. संगणकात एक शब्द शोधून सगळीकडे एका दमात बदलता येतो, ही विद्या मला नुकतीच कळली होती. छापखान्यात एकेक अक्षर चिमट्याने उचलणाऱ्या माणसाच्या हातात ही तोफ आली तर दुसरं काय होणार? मी 'नगर' शोधून सगळीकडे 'अहिल्यानगर' करून टाकलं. काम झालं की नाही याची खात्री नव्हती, म्हणून पुन्हा एकदा केलं. पत्त्यांच्या पानावर 'अहमदअहिल्याअहिल्यानगर' अवतरलं, एका ग्राहकाच्या पत्त्यात 'शिवाजीअहिल्याअहिल्यानगर', आणि आभाराच्या पानावरच्या एका बाईंच्या हुद्द्यात 'माजी अहिल्याअहिल्यानगरसेविका'. मालकाने हे वाचलं तेव्हा तो गरम चहा पीत होता. मी तातडीने पाणी आणलं. नंतर ते सगळं हाताने सुधारलं आणि शैलीपत्रात आणखी एक नियम घातला.

आता जे पुढे घडलं त्याचं मूळ वेगळ्याच ठिकाणी आहे. प्रोग्रॅममध्ये एक खोड होती. प्रत्येक पायरीला 'जतन' असं लिहिलेलं हिरवं बटण दाबायचं आणि मग पुढे जायचं. शेवटी, सकाळचं किंवा संध्याकाळचं सत्र बंद करतानाही आधी 'जतन' दाबायचं. ते शेवटचं राहिलं, की आधी भरलेलं सगळं पुसलं जायचं. मी मालकाला भीत भीत विचारलं, "सर, हे प्रोग्रॅममध्येच नीट नाही का करता येणार?"

"येईल ना. पण वेळ लागेल. तोवर तुम्ही पुस्तिकेत लिहा."

म्हणजे विहिरीला कठडा बांधायच्या ऐवजी शेजारी पाटी लावायची, आणि पाटी रंगवणारा मी. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक वाक्य ठेवायचं ठरलं: 'आधी नोंद जतन करावी, मगच पुढे जावे.' बारा प्रकरणं, बारा वेळा तेच वाक्य, काना-मात्रासुद्धा तीच. मालक म्हणाला, "काका, याच्यात बदल नको."

मला बजावतो! एकसारखेपणासाठी ज्याने सोयरिकी तोडल्या, त्याला!

अकरा प्रकरणं मी तसंच ठेवलं. बाराव्याला मात्र हात शिवशिवला. तेच वाक्य बाराव्यांदा लिहिताना मला वाटलं, आपण काय फक्त रेघा ओढायला जन्माला आलो? पुस्तिका संपते आहे, शेवट जरा गोड व्हायला पाहिजे. तारुण्यात मी एका दिवाळी अंकाला कविता पाठवली होती आणि ती साभार परत आली होती. ती जखम अशा वेळी ठणकते. मी ते वाक्य खोडलं आणि तिथे लिहिलं: 'दुधाच्या थेंबाथेंबांत उत्पादकाचे कष्ट साठलेले असतात, याचे भान ठेवून सत्राची सांगता करावी.' दोनदा मोठ्याने वाचलं. डोळ्यांत पाणी आलं. कंपनीत ते कोणी वाचलं नाही, कारण आपली पुस्तिका कंपनीतलं कोणीच वाचत नाही. छापून झाली.

शिकवायला जाणारा माणूस नेमका नोकरी सोडून गेला. मालक म्हणाला, "काका, पुस्तिका तुमची, तुम्हीच जा. पुस्तिका द्या, आठवडाभर थांबा, या." गाव होतं पुणतांब्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला. डेअरीत साठेक लोक दूध घालायचे. मी पोहोचलो तेव्हा डेअरीची सचिव संगणकावरचं प्लास्टिक अजून न काढता त्याच्यापुढे अंग चोरून बसली होती. तिशीतली बाई, या गावची सून. जुने सचिव थकल्यापासून दोन वर्षं वही तीच लिहीत होती. अक्षर असं, की मी वही पाहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा खिशातून लाल पेन काढलं नाही.

चहा देता देता ती म्हणाली, "सर, हे पुस्तक वाचून जमंल ना मला?"

"ताई, याच्यात एकही चूक नाही," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. मला अर्थातच रेघा म्हणायच्या होत्या.

"तसं न्हाई. जमायलाच पाहिजे." तिने दाराकडे पाहिलं. "आत्तापर्यंत मी नुसती बदली होते. कमिटी म्हणली, आठ दिवस संगनकावर काम नीट झालं तर सचिव म्हनून कायम करू. न्हाई झालं तर चेअरमनचा पुतन्या हायच. त्याचं मोबाईलचं दुकान हाय, त्याला सगळं येतं म्हनत्यात."

"येतं का त्याला?"

"मोबाईलला काच बसवायला येती."

तेवढ्यात चेअरमन आले. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, आवाज मात्र रंगीत. त्यांनी पुस्तिका हातात घेऊन वजन केलं. "सायेब, हे पुस्तक कवा वाचायचं?"

"वाचत वाचत बटणं दाबायची," मी म्हणालो. "एकेक पायरी."

"तसलं आमच्यात चालत न्हाई. छापलेलं पुस्तक गावात आलं की आधी सगळं वाचून होतं. अर्धं वाचून हात लावायचा न्हाई. कांद्याच्या औषधाचं पुस्तक आल्तं, तेबी वाचलं. संध्याकाळी मारुतीच्या देवळात बसू."

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. त्या गावात दरवर्षी मोठा सप्ताह होतो, आणि पोथी वाचायला बसले की मधेच उठायचं नाही ही शिस्त लोकांच्या हाडात आहे. ती शिस्त त्यांनी पोथीपुरती ठेवली नव्हती, इतकंच. दिवेलागणीला सभामंडपात सतरंज्या पडल्या. सप्ताहात पोथी वाचणारे बुवा आले; आधी एसटीचे ड्रायव्हर होते, पाऊणशे वय, आवाज अजून घाटात हॉर्न वाजवावा तसा. त्यांनी माझी पुस्तिका लाकडी पाटावर ठेवली, मुखपृष्ठावरच्या हसऱ्या गाईला हळदकुंकू वाहिलं, बोट टेकवून कपाळाला लावलं. माझ्या अंगावर काटा आला. सव्वीस वर्षांत माझ्या मुद्रितांवर फक्त चहाचे डाग पडले होते.

वाचन सुरू झालं. बुवा प्रत्येक रेघेला थांबत. "लॉग…" इथे एक दीर्घ दम, "…इन करावे. दूध…" पुन्हा दम, "…संकलन केंद्राचा क्रमांक भरावा." माझ्या शैलीपत्रातल्या नियमाप्रमाणे मी रेघा काही कमी दिल्या नव्हत्या. दुसऱ्या प्रकरणात बायकांतून आवाज आला, "आगं, बुवा लई दमल्यात, पानी द्या कुनीतरी."

बुवा पाणी पिऊन म्हणाले, "मी न्हाई दमलो. ह्यांनी लिव्हलंयच तसं." आणि माझ्याकडे पाहून आदराने मान हलवली. मी मान लववून ती स्वीकारली. गाढवाला एवढी झूल पुरे होती.

पण खरी गंमत दुसरीच झाली. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी बुवांनी वाचलं, 'आधी नोंद जतन करावी, मगच पुढे जावे.' दुसऱ्याच्या शेवटी तेच. तिसऱ्याच्या शेवटी बुवा 'आधी' म्हणाले आणि समोरच्या चार-पाच म्हाताऱ्यांनी सवयीने पुढचं पुरं केलं. पाचव्याला सगळा मंडप म्हणू लागला. सातव्याला कोणीतरी टाळ आणले. 'आधी नोंद जतन करावी' याला एक चाल लागली आणि 'मगच पुढे जावे' याला टाळ्या. सचिव बाई कोपऱ्यात बसून ओठ हलवत होती, आणि दर वेळी तिची तर्जनी गुडघ्यावर टेकत होती, जणू तिथेच हिरवं बटण आहे.

बारावं प्रकरण आलं. सत्र बंद करणे. बुवांनी शेवटाला येताना आवाज चढवला, टाळ वर गेले, साठ तोंडं उघडली, आणि बुवा म्हणाले, "दुधाच्या थेंबाथेंबांत…"

टाळ तसेच अधांतरी राहिले. दोघं-तिघं 'आधी नों…' म्हणून गप्प झाले. बुवांनी भुवई चढवली, वाक्य कसंबसं संपवलं आणि म्हणाले, "हे कडवं येगळंच हाय."

मला वाटलं, हा साहित्याचा परिणाम. लोक स्तब्ध झाले म्हणजे भिडलं असणार. मी हळूच डोळे पुसले. त्यानंतर प्रसाद वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीत जे चाललं ते पाहून मालकाला फोन करावासा वाटला. किटली काट्यावर यायची, बाई आकडा भरायची, फॅट भरायची, आणि रांगेतले लोकच म्हणायचे, "आधी नोंद?" ती हिरवं बटण दाबून म्हणायची, "जतन केली." "मग पुढं जा." हसत खेळत साठ किटल्या झाल्या. चेअरमनचा पुतण्या दारात उभा राहून हातातल्या मोबाईलची काच पुसत हिरमुसलेल्या तोंडाने बघत होता. दुधाची गाडी आली, दूध भरून निघून गेली. बाईने कपाळावरचा घाम पुसला, पुस्तिका बाराव्या प्रकरणावर उघडली, बोट ओळीवर ठेवून प्रत्येक पायरी केली. शेवटच्या वाक्याशी ती थांबली. ते दोनदा वाचलं. त्यात दाबायला काही सांगितलेलं नव्हतं, फक्त भान ठेवायचं होतं. तिने भान ठेवलं आणि सत्र बंद केलं.

पडदा कोरा झाला. साठ जणांचं सकाळचं दूध गाडीतून पुढे गेलं होतं आणि इथे त्याचं नावनिशाण नव्हतं. चिठ्ठ्या छापायचं यंत्र पुढच्या आठवड्यात येणार होतं, म्हणून कोणाच्या हातात कागदही नव्हता.

"सर," ती म्हणाली. तिचा आवाज इतका लहान झाला होता की मला पहिल्यांदा काट्याचा आवाज वाटला. "सर, कुठं गेलं?"

मी पडद्याकडे पाहिलं. मग पुस्तिकेकडे. आणि मला कळलं. त्याच क्षणी कळलं. पण कळणं आणि बोलणं यांच्यात माझ्या बाबतीत नेहमीच एक मोठी रेघ राहिलेली आहे.

संध्याकाळी पुन्हा मारुतीच्या देवळात बैठक. या वेळी टाळ नव्हते. चेअरमन म्हणाले, "आधी आकडे जुळवा. ज्यानं त्यानं आपलं लिटर आन् फॅट सगळ्यांम्होरं सांगायचं." त्या गावात आपलं फॅट कोणी विसरत नाही आणि शेजाऱ्याचं तर मुळीच विसरत नाही.

"माझं नऊ लिटर, चार-दोन," एक जण म्हणाला.

"काल तीन-आठ हुतं तुझं!" मागून आवाज. "एका रात्रीत गाईनं काय पेढं खाल्लं व्हय?"

"बरं, तीन-नऊ लिहा."

"तीन-आठ!"

"लिहा तीन-आठ. तुमच्या तोंडाला कोन लागनार."

एक म्हातारी म्हणाली, "माझं लिटर माझ्या लक्षात न्हाई, पर ह्या जावंचं हाय, ती माझं सांगंल." जाऊ म्हणाली, "सात. आन् वर फेसबी हुता." साठच्या साठ आकडे असे जुळले. बाई वहीत लिहीत होती, अक्षर तेच, फक्त रेघेखाली उतरलेलं.

मग चेअरमन टोपी काढून म्हणाले, "आता बोला. पहिल्याच दिवशी असं झालं. सूनबाईला हे झेपत न्हाई असं मला वाटतं. पुतन्याला बसवू. काय सायेब? चूक कुठं झाली? तुमचं यंत्र का आमचं मानूस?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आता इथे मी जे बोललो ते लिहायला मला अजून लाज वाटते. पण आत्तापर्यंत स्वतःची एवढी फजिती सांगितली, ही का लपवू? मी घसा साफ केला आणि म्हणालो, "यंत्र नीट आहे. ताईंनी… पुस्तिकेतली सूचना बहुधा पूर्ण वाचली नसावी."

पुतण्या भिंतीला टेकला होता, तो सरळ झाला. बाईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती उठली, पिशवीतून पुस्तिका काढली, बाराव्या प्रकरणाची कड दुमडलेली होती ती उघडली, आणि बुवांच्या पुढ्यात पाटावर ठेवली.

"बुवा, शेवटचं वाचा. मी जेवढं वाचलं तेवढंच वाचा."

बुवांनी चष्मा लावला. पायऱ्या वाचल्या, एकेक, रेघांना दम घेत. शेवटाला आले. सगळा मंडप थांबला होता. कालचं वाक्य आपसूक सगळ्यांच्या ओठांवर आलं होतं. बुवा वाचू लागले, "दुधाच्या थेंबाथेंबांत उत्पादकाचे कष्ट साठलेले असतात…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पुस्तिका उचलली, पान उलटून मागे काही राहिलंय का बघितलं, आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "सायेब, 'आधी नोंद' कुठाय?"

"ते… मी काढलं."

"का?"

"अकरा वेळा तेच तेच होत होतं. बाराव्यांदा… कानाला बरं वाटेना."

"कुनाच्या कानाला?" चेअरमन म्हणाले.

"माझ्या."

"आन् हे थेंबाचं कुनी लिव्हलं?"

"मीच."

मागून म्हातारी म्हणाली, "बया! एवढा शिकलेला मानूस, आन् ध्रुवपद बदलतोय!"

तिथे मी हात जोडले. म्हणालो, ताईंची काही चूक नाही. त्यांनी पुस्तिकेत होतं ते सगळं केलं. जे नव्हतं ते करणार कशा? जे नव्हतं ते मी शोभेसाठी काढलं होतं आणि आत्ता मी ते त्यांच्यावर ढकललं. रेघा सगळ्या बरोबर आहेत, तपासून घ्या, एकही रेघ चुकलेली नाही. फक्त जे राहायला पाहिजे होतं तेच राहिलं नाही. बोलता बोलता माझा आवाज फुटला. ते पाहून एका आजोबांनी मला प्रसादाची साखर दिली. मघाशी लहान पोरांना दिली होती तीच पुडी.

चेअरमनांनी टोपी पुन्हा घातली. ते थोडा वेळ पुतण्याकडे आणि थोडा वेळ वहीकडे बघत बसले. पुतण्याकडे बघायला कमी वेळ लागला. "मग सूनबाईचे आठ दिवस उद्यापासून पुन्हा मोजायचे. आन् सायेब, तुमी पन थांबायचं. रोज सत्र बंद करताना काट्यापशी उभं राहून ते वाक्य तुमी म्हनायचं. मोठ्यानं. पुस्तकात न्हाई तर तोंडातून येऊ द्या."

"आणि रेघ कशी म्हणायची?" मी विचारलं. खोड जाते कुठे.

बुवा म्हणाले, "रेघंला खोकायचं."

पुढचे आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ, मी डेअरीच्या दारात किटल्यांच्या मधे उभा राहून म्हणत असे, "आधी नोंद जतन करावी, मगच पुढे जावे," आणि लोक टाळ्या वाजवून मला दाद देत. सगळ्या पुस्तिकांत बाराव्या प्रकरणावर मी ते वाक्य लिहिलेल्या पट्ट्या हाताने चिकटवल्या. पट्ट्या जरा तिरप्या लागल्या. कोणी काही म्हणालं नाही, मीही नाही. तिसऱ्या दिवशी बाई माझ्याशी पुन्हा बोलायला लागली. म्हणजे मला चहात साखर मिळायला लागली. सहाव्या दिवशी ती माझं वाक्य संपायच्या आधीच बटण दाबायची. आठव्या दिवशी संध्याकाळी मी तोंड उघडलं तेव्हा पडद्यावर 'सत्र सुरक्षित' हे शब्द आधीच आलेले होते.

"राहू द्या सर," ती म्हणाली, पडद्यावरून नजर न काढता. "आता तुमी गप बसलात तरी चालंल."

मालकाचा फोन आला होता. नव्या आवृत्तीत जतन आपोआप होतं, ते वाक्य आता सगळीकडून काढून टाका, म्हणाला. मी तिला सांगितलं. तिने थोडा विचार केला. "आमच्या पुस्तकातलं नका काढू. सवय लागलीय लोकांच्या तोंडाला त्याची." म्हणजे बाकी गावांच्या पुस्तिकांतून मी ते काढलं. एका गावासाठी वेगळी आवृत्ती. एकसारखेपणाचा एवढा मोठा भंग मी स्वतःच्या हाताने पहिल्यांदाच केला.

महिन्याभराने पुणतांब्याकडे काही कामाने गेलो तेव्हा वाट वाकडी करून डेअरीत डोकावलो. तिच्या खुर्चीमागे भिंतीवर नवी पाटी होती. वर 'दुध-संकलन केंद्र', खाली 'दूध संकलन वेळ', त्याच्याखाली 'सचीव' आणि पुढे तिचं नाव, ठळक, लाल रंगात. पेंटरने एका पाटीत तीन चुका बसवल्या होत्या. माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला.

"कशी झालीय पाटी, सर?" तिने विचारलं. पाठ ताठ, डोळे माझ्यावर.

मी ती वरपासून खालपर्यंत वाचली. नावाशी जरा जास्त थांबलो.

"एकदम बरोबर," मी म्हणालो, आणि हात खिशातून रिकामाच बाहेर काढला. तिने चहा सांगितला. चहात साखर होती.